काठीची निशाणी

औशाच्या किल्ल्यामागं माझी खोली आहे,
दारावर पाटी: मोडी वाचून मिळेल.
बहुतेक लोक जमिनीसाठी येतात,
क्वचित कोणी दाखल्यासाठी.
चतुराबाई सूर्यतळ पाण्यासाठी आल्या.
एसटीनं, उभ्यानं,
प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद
दवाखान्यातला एक्स-रे धरावा तसा धरून.

"मी सरपंच हाय हिप्परग्याची," म्हणाल्या,
आणि खुर्ची असताना पायरीवर बसल्या.
मग उठून खुर्चीत बसल्या.

महजर होता. मूळ बहामनी काळचा,
ही नकलेची नक्कल, कडेला कसर लागलेली.
तळ्याच्या पाण्याचा तंटा.
मी वाचत गेलो:
पातशहा बिदरास. त्याखाली तरफदार,
तरफेखाली परगणा, परगण्यास देशमुख,
नावं उतरत येतात घाट उतरल्यासारखी,
आणि गावापाशी आली की अक्षर एकदम मोठं होतं.
गोत बसलं मारुतीच्या पारावर. तीन दिवस.
तिसऱ्या दिवशी तोड निघाली:
पाणी शेपटाकडून सुरू करावं,
तळ्यालगतच्या रानानं थांबावं.
बिदरला खबर पोचेस्तोवर
शेपटाकडचा हरभरा फुलावर आला असेल.

"म्हंजी मंजुरी कोणाची लागली?"
"कोणाचीच नाही."
त्या पहिल्यांदा हसल्या.
मग त्यांनी सांगितलं:
गाळ काढायचा ठराव ग्रामसभेत झाला,
तालुक्याला गेला, जिल्ह्याला गेला,
मुंबईहून एक रकाना चुकला म्हणून माघारी आला.
आणि त्यांची सही,
जी पेनड्राइव्हएवढ्या एका दांडीत राहते,
ती राहते ग्रामसेवक होळकुंद्यांच्या ड्रॉवरात.
"किल्ली त्यांच्या खिशात.
मंगळवारी येतेत. आले तर."

मी त्यांना थोडा इतिहास सांगितला, फुकट.
चार तरफा होत्या. तरफदार शेफारले म्हणून आठ केल्या,
एकेकाच्या हाती एकच किल्ला ठेवला,
बाकीच्यांवर बिदरचा माणूस.
"मंग?"
मग तरफदार बिथरले. मग पाच राज्यं झाली.
यातून काय घ्यायचं ते मला विचारू नका,
मी अक्षरं वाचतो, पानाला दीडशे.

शेवटी निशाण्या.
पाटलाचा नांगर. सुताराची पटाशी. लोहाराची सांडशी.
न्हाव्याचा आरसा, त्यात शाई पसरलेली.
सगळ्यांत खाली, कडेला,
कागदाबाहेर उभी असल्यासारखी
एक काठी.

"ही?"
"वेसकराची. त्यानंच सगळ्यांना बोलावून आणलं."
त्यांनी काठीवर बोट ठेवलं. बराच वेळ.
"आन् पाळी? आमच्याकडली पाळी कितवी लिवलीय?"

मी पुन्हा वाचलं. चष्मा पुसून वाचलं.
शेपटाचं, मधलं, मठाचं, इनामाचं, पाटलाचं.
बोलावणाऱ्याची पाळी नव्हती.

लाईट कधीतरी गेली होती,
पंखा थांबल्यावर ते कळलं.
"तवा सत्ता गावात होती, पर आमच्यात नव्हती.
आता आमच्यात आलीय म्हंतेत,
तर गावातच न्हाई."
हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत.
बाजारात तूर मोजून घ्यावी तसं म्हणाल्या,
शेर शेर करून.

पैसे देताना थांबल्या.
काठीखाली कागद कोरा होता.
"हितं काय व्हतं?"
काहीच नव्हतं. जागा उरली होती.
की कोणी ठेवली होती,
मोडीत ते कळत नाही.
त्यांनी आपली बोटं टेकवून मोजली: चार.
कागद पिशवीत सरकवला,
आणि पायरी उतरता उतरता विचारलं,
मंगळवार परवा की तेरवा.